तपासणीचं पाणी

कांद्याची काढणी सुरू झाली की आमच्या घरात दुसरा वासच उरत नाही. कपड्यांना तो, केसांना तो, भाकरीला तो. शेतात उपटलेला कांदा ओळीनं पडलेला असतो, बायका विळे घेऊन पात कापायला बसतात, आणि वाऱ्याची झुळूक आली की अख्ख्या ओळीचे डोळे एकदम पाणावतात. यंदाही तेच चाललंय. मी पडवीत बसून हे लिहितेय, समोर साठवणीच्या चाळीत भरायचा कांदा पसरलाय आणि पत्रा उन्हानं कडकड वाजतोय.

पण या वासाच्या मागं अजून एक वास असतो. फाल्गुन उतरला, विहिरींचा तळ दिसायला लागला, की तो वर येतो. बंद खोलीत औषध सांडून वाळल्यासारखा, त्यात जळक्या प्लास्टिकचं एक टोक. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अशा वासांना नावं होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या. सर सांगायचे, बाटलीला नाक लावायचं नाही, हातानं वारा घालून लांबूनच घ्यायचं. आमच्या वस्तीवर त्याला नुसतं 'वास' म्हणतात, आणि तो लांबून घेता येत नाही. आम्ही बाटलीतच राहतो.

माझं माहेर शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या बाजूला. सासर भीमा ओलांडून दौंड तालुक्यात. माहेरच्या विहिरीचं पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही, तांब्याला आतून पांढरा थर धरतो. पण पाणी पाण्यासारखं लागतं. सासरी वरच्या अंगाला कंपन्या, त्यांच्या खाली ओढा, ओढ्याच्या काठाला आमची वस्ती. लग्न होऊन आले तो चैत्र होता आणि ओढा वाहत होता. माझ्या माहेरी चैत्रात ओढ्यात शेरडं बसतात, त्यामुळं मला त्या वाहत्या पाण्याचं फार कौतुक वाटलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "त्यात पाय घालू नगं." का, ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पाण्याला काठ असतो तसा आमच्या पाण्याला वास असतो, इतकं ते साधं झालं होतं.

मी बीएस्सी आहे, रसायनशास्त्र घेऊन. शिरूरच्या कॉलेजात सकाळची एसटी धरून केलेली. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, हे मी मान खाली घालून सांगत नाही. वडिलांनी तो कागद सातबाराच्या पिशवीत ठेवला. आमच्याकडं त्याच्या वरची जागा नाही.

त्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी, पुण्याच्या एका संस्थेचं काम आलं. कारखान्यांच्या जवळ राहणाऱ्या माणसांच्या तब्येतीवर तिथल्या पाण्याचा आणि हवेचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास. घरोघरी जायचं, फॉर्म भरायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे. रक्त आणि लघवी तपासायला नर्सबाई वेगळ्या येणार. असा अभ्यास करताना तुलनेला एक लांबचं गाव लागतं, जिथं कारखाना नाही. योगायोग असा की तुलनेसाठी त्यांनी माझं माहेर धरलं आणि अभ्यासासाठी सासर. दोन्हीकडची घरं मला माहीत, दोन्हीकडची माणसं मला दारात उभं करणार. मॅडमनी मला त्याच दिवशी घेतलं.

मॅडम म्हणजे या कामाच्या मुख्य. पुण्याच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पायात बूट, बोलणं हळू. त्यांनी आम्हाला बाटली कशी भरायची ते दोन तास शिकवलं. हसू नका, दोन तास लागतात. विहिरीत स्वतः पोहरा सोडायचा. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची. काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. झाकण लावायचं, चिठ्ठी लावायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. आणि शेवटी म्हणाल्या, "बाटली तुम्ही भरायची. कुणी भरून दिलेली घ्यायची नाही." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. ती वही अजून माझ्याकडं आहे. रेघ चांगली सरळ आहे.

मग काढणी लागली.

काढणीच्या दिवसांत वस्तीवर दुपारी माणूस सापडत नाही. विहिरी घरापासून लांब, प्रत्येकाच्या रानात. ऊन असं की बर्फाच्या पेटीतला बर्फ दहा वाजताच पाणी. पहिल्या दिवशी मी एका विहिरीवरून दुसरीवर स्कूटी दामटत फिरले, तर बायका शेतातून ओरडल्या, अगं ठेव तुझ्या बाटल्या घरी, आम्ही भरून ठेवू, संध्याकाळी घेऊन जा. मला ते बरं वाटलं. आपल्या बायका किती साथ देतात, असंही वाटलं. सकाळी मी घरोघरी बाटल्या ठेवल्या आणि सांजच्याला पडवीतून गोळा केल्या. प्रत्येक बाटली पुसलेली, झाकण घट्ट, काठोकाठ. चिठ्ठीवर मी विहिरीचं नाव टाकलं. हे माझं काम होतं आणि मी ते असं केलं. पुढं मी ज्यांच्यावर रागावणार आहे त्यांच्या आधी माझं नाव आलं पाहिजे, म्हणून इथंच सांगून टाकते.

माहेरी मात्र सगळं नियमानं झालं. तिथल्या बायका मला विहिरीवर ओढतच घेऊन गेल्या. आमच्या विहिरीचं पाणी घे, बघ कसं आहे, तुझ्या आजोबांनी खणलेली. त्यांना विहीर दाखवायची होती. सासरच्या बायकांना दाखवायची नव्हती. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही.

फॉर्म भरणं हा तर वेगळाच प्रकार. त्यात प्रश्न होता, डोळे चुरचुरतात का. कांदा कापत बसलेल्या बाईला हा प्रश्न. सगळ्या म्हणायच्या, चुरचुरतात की, हे काय आत्ता चुरचुरतायत. मॅडम म्हणाल्या, ह्या उत्तराचा उपयोग नाही, कांदा मध्ये येतोय. बरोबर होतं त्यांचं. पुढचा प्रश्न, अंगाला खाज, चट्टे, पोटाचा त्रास, काही आहे का. त्यावर ठरलेलं उत्तर: "न्हाई, बरं हाय." आमच्याकडं बाईला कसं आहे विचारलं तर दुसरं उत्तर नसतं. अंथरुणाला खिळलेली बाईसुद्धा बरं हाय म्हणते आणि विचारणाऱ्याला चहा टाकायला सांगते. मी फॉर्मवर 'नाही' पुढं खूण करत गेले. आत्याबाईंच्या फॉर्मवरही केली. त्यांनी हात पदराखाली घेतलेले होते.

पाण्याचा पहिला अहवाल महिन्याभरात तालुक्याला गेला. रक्ताच्या तपासण्यांना वेळ लागणार होता, पण पाण्याचा निकाल आधी हवा होता, कारण वस्तीला त्या वेळी टँकर चालू होता. वर्षानुवर्षं अर्ज करून मिळवलेला टँकर. प्यायला आम्ही गावातून फिल्टरच्या पाण्याचा मोठा जार आणतो, तो आठवडाभर पुरवून पुरवून वापरतो, सरला की टँकरचंच पितो. बाकी स्वयंपाक, अंघोळ, भांडी सगळं उन्हाळ्यात टँकरवर, एरवी विहिरीवर. ग्रामसभा मारुतीच्या मंडपात बसली. तालुक्याचे साहेब कागद घेऊन आले होते. सरपंच आप्पा शेजारी. बायका खांबांच्या मागं.

साहेबांनी वाचलं. वस्तीवरचे नमुने पिण्यास योग्य. इतकंच नाही, तुलनेसाठी घेतलेल्या गावापेक्षा इथल्या पाण्याची गुणवत्ता सरस. सबब टँकर सोमवारपासून बंद.

आप्पांनी तंबाखूची डबी मिटली आणि म्हणाले, मग आता ओढ्यावर बाटल्या भरून विकायला बसतो की सायेब, एवढं चांगलं पाणी वाया कशाला घालवायचं. दोन-चार माणसं हसली. साहेब हसले नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं की साहेब, वास येतो. त्यावर साहेबांनी कागदाची घडी घालत जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "आप्पा, वासावर टँकर चालत नाही. कागदावर चालतो."

आणि तो कागद मी केलेला होता.

मंडपातून निघाले तेव्हा माझ्याबरोबर रुक्साना भाभी होत्या. आमच्या बांधाला लागून त्यांचं घर. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या याच वस्तीवर गेल्या. नवरा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. आमच्या ओढ्याकाठच्या मोटारींचा आतला पंखा दर उन्हाळ्यात खाल्ला जातो, लोखंडाला भोकं पडतात, हे त्यांच्या नवऱ्यानं मला दोनदा हातात देऊन दाखवलं होतं. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा सरत आला होता. मी भाभींना म्हणाले की मला काही कळेना झालंय, पाणी चांगलं निघालंच कसं.

"चांगलंच निघनार की," भाभी म्हणाल्या. "जारचं व्हतं."

"कशाचं जारचं?"

"तू बाटल्या ठिवून गेलीस त्यातलं. मग काय पाहुण्यांना वासाचं पानी देऊ? सगळ्यांनी मिळून ठरवून भरलं. एकाच जारातलं हाय समद्यांचं."

मी रस्त्यात थांबले. भाभी दोन पावलं पुढं जाऊन थांबल्या आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यांचंही तोंड उतरलं. काय झालं ते त्यांना कळायला लागलं होतं. मग हळूच म्हणाल्या, "पोरीला आता कुठलं पाजू?"

यात कुणाला अडाणीपणा दिसेल तर त्यानं आमच्या ग्रामपंचायतीत जाऊन भिंतीवरची ढाल बघावी. स्वच्छ गावाच्या स्पर्धेत मिळालेली. तपासणीची समिती येणार म्हटल्यावर या बायकांनी दोन दिवस गाव झाडलं होतं, उकिरड्यांवर माती ओढली होती, झाडांच्या बुंध्यांना चुना दिला होता. समितीनं गाव बघितलं, मान हलवली, ढाल दिली. सरकारनं आम्हाला तपासणी हा शब्द असा शिकवलाय. कुणी तपासायला आलं की चांगलं ते पुढं करायचं, वाईट ते झाकायचं, म्हणजे मार्क मिळतात. शाळेत तपासणी आली की मास्तर पोरांना धुतलेले कपडे घालून बोलवत नाहीत का? वाईट दाखवलं तर औषध मिळतं, अशी तपासणी या बायकांनी जन्मात कधी पाहिलेली नाही. शिवाय दारात आलेल्याला तांब्याभर पाणी द्यायचं ते घरातलं सगळ्यात चांगलं, ही रीत तर त्याच्याही आधीची. पुण्याहून माणसं आपलं पाणी बघायला आली आणि आपण त्यांना ओढ्याचा वास द्यायचा? नाव काय राहील?

घरी येऊन मी आत्याबाईंना विचारलं, आपल्या बाटलीत काय होतं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, त्येच. मी विचारलं, का. त्यांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. "तुझी तपासणी व्हती न्हवं? तुझं नाव खराब व्हऊ द्यायचं व्हतं का आमी?"

म्हणजे त्यांना वाटलं, परीक्षा माझी आहे. गळ्यात कार्ड घालून हिंडणाऱ्या शिकलेल्या सुनेला पुण्याच्या मॅडमपुढं कमीपणा येऊ नये म्हणून वस्तीनं आपला आठवड्याचा जार माझ्या बाटल्यांत ओतला होता. तो आठवडा बायका स्वतः काय प्यायल्या असतील?

त्या दिवशी मी स्वतःवर जितकी चिडले तितकी पुढं कुणावर चिडले नाही, आणि पुढं मी बऱ्याच जणांवर चिडले. कारण मी रसायनशास्त्र शिकलेय. फिल्टरच्या पाण्यात विरघळलेलं काही उरत नाही, त्याचा आकडा इतका खाली येतो की दौंड तालुक्यातल्या कुठल्याही विहिरीला तसं पाणी लागणं हा चमत्कार ठरेल. आणि इथं वेगवेगळ्या विहिरींचे आकडे जुळ्या बहिणी असल्यासारखे. हे मला दिसायला हवं होतं. प्रयोगशाळेत यंत्रापुढं बसलेल्याला दिसायला हवं होतं. ज्यानं सरासरी काढली, ज्यानं अहवाल टाईप केला, ज्यानं सही केली, त्यांतल्या एकालाही असं वाटलं नाही का की कारखान्याच्या खालचं पाणी लांबच्या गावापेक्षा गोड निघालंय तर एकदा जाऊन बघून यावं? बाईनं वास येतो म्हटलं की तिला पुरावा मागतात. कागदानं वास येत नाही म्हटलं की कागदाला कुणी काही मागत नाही.

मी शास्त्राच्या विरुद्ध बोलत नाही. कुणी माझ्या तोंडी ते घालू नये. शास्त्र शिकायला मी अकरावीपासून पाच वर्षं एसटीच्या दांड्याला लोंबकळलेय, सहज मिळालेलं नाही मला ते. बाटली तीनदा विसळा म्हणणारं शास्त्र खरंच आहे. खोटं आहे ते हे, की विहिरीवर कोण गेलं होतं हे कुणीच विचारत नाही आणि तरीही कागद खरा धरला जातो.

मी मॅडमना पत्र लिहायला बसले. सगळं लिहायचं, माझी चूक माझ्या नावानं लिहायची. लिहिलं तर अनुभवाचा दाखला गेला, आणि त्या दाखल्यावर मी पुढची नोकरी बघणार होते. नवरा पाळीवरून आला होता. तो वरच्याच एका कंपनीत कंत्राटावर आहे. वस्तीवरच्या अर्ध्या घरांत असंच आहे. ओढ्यात येतं ते ज्या दारातून, त्याच दारातून पगार येतो. त्यामुळं आमच्याकडं माणूस अर्धं वाक्य बोलतो आणि अर्धं गिळतो. त्यानं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. म्हणाला, लिही, खरं ते लिही, फक्त खाली माझा मोबाईल नंबर टाकू नको. मी हसले. तो हसला नाही. मग त्यानंच पाकिटावर पत्ता लिहिला.

पत्र मिळायच्या आधी मी फोनही केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. किती घरांतून, एवढंच विचारलं. मी म्हणाले, सगळ्याच. त्या म्हणाल्या, "आकडे बघून मला कळायला हवं होतं, मनीषा. मला आनंद झाला होता, नमुने इतके स्वच्छ आले म्हणून."

संस्थेनं सांगितलं की नमुने घेण्याची मुदत संपलीय, आकडे आता बदलता येत नाहीत, ही फील्डवरच्या कर्मचाऱ्याची चूक आहे. फील्डवरची कर्मचारी म्हणजे मी. दाखला मला मिळाला नाही. तो विषय तिथं संपला.

पण मॅडम आल्या. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःची बर्फाची पेटी घेऊन, स्वारगेटवरून एसटीनं. वैशाख लागला होता. वळवाचा एक पाऊस पडला असता तर विहिरीत नवं पाणी मिसळून नमुना पातळ झाला असता, म्हणून घाई. टँकर बंद होऊन तिसरा आठवडा होता. भाभींच्या मुलीला दिवस भरत आले होते, आणि वस्तीवरची घरं आपापल्या जारमधून रोज एकेक तांब्या तिच्यासाठी काढून देत होती. आमच्या घरचाही जात होता. कुणी सांगितलं नव्हतं कुणाला.

आम्ही पुन्हा नमुने घेणार म्हटल्यावर वस्ती माझ्यावर उलटली. सगळ्यात आधी बायका. एकदा चांगलं निघालंय, साहेबानं ग्रामसभेत वाचून दाखवलंय, माहेरच्या गावापेक्षा सरस म्हणालाय, आणि आता ही शिकलेली बया चारचौघांत सांगणार की आमचं पाणी नासकं. उद्या वस्तीवर पोरगी कोण देणार? कांदा कोण घेणार? एकीनं मला तोंडावर सांगितलं की लई शिकलं की माणूस सासरची लाज काढायला लागतं. मला राग आला, पण तिचा आला नाही. पाणी नासवलं दुसऱ्यानं आणि लाज वाटतेय हिला. ज्यांना वाटायला पाहिजे ते वरच्या अंगाला थंड खोल्यांत बसलेत. त्यांच्या दारात फुलझाडं आहेत, आणि फुलझाडांना पाणी टँकरचं आहे.

आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तरी त्या रविवारी त्या आमच्या मागं विहिरीवर आल्या आणि लांब बांधावर उभ्या राहिल्या. मी पोहरा सोडला. पाणी इतकं खाली गेलं होतं की दोर पुरेना, खाली वाकावं लागलं. पोहरा वर आला तसा वास वर आला. पाण्यावर तवंग होता, उन्हात निळा-जांभळा दिसणारा. मॅडम वाकल्या. गळ्यात त्यांची ओढणी होती, ती त्यांनी नाकाला लावली नाही. बाटली विसळताना पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं, त्यांनी तेही पुसलं नाही. एकदा, दोनदा, तीनदा विसळली आणि काठोकाठ भरली.

आत्याबाई ते बघत होत्या. बांधावरून खाली उतरल्या. मॅडमपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढले. कोपरापर्यंत. कातडी काळी पडून तडकलेली, बोटांच्या बेचक्यांत लाल, खाजवून खाजवून सालं गेलेली. या हातांनी मला रोज भाकरी वाढली होती आणि मी ते कधी उजेडात बघितले नव्हते. कांद्यानं झालंय, असं त्या म्हणायच्या. कांदा दोन महिने असतो.

"हे बी लिवा," त्या मॅडमना म्हणाल्या. "आधी मी बरं हाय म्हनले. ते खोटं व्हतं."

मॅडमनी पिशवीतून जुना फॉर्म काढला, माझी खूण खोडली, तारीख टाकली, आणि आत्याबाईंकडून शेजारी अंगठा घेतला. मागं बायका जमल्या होत्या. मला सासरची लाज काढतेस म्हणालेली जी होती, तीच सगळ्यांच्या आधी पुढं आली आणि पोटऱ्या दाखवायला लागली. मग एकेक. अंधूक दिसणं, पोटातली जळजळ, अंगावरून जाणं, दिवस न भरता पडलेली मुलं. ते सगळं बांधावर उभ्याउभ्या, दुपारच्या उन्हात, पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. फॉर्म संपले. मॅडम वहीच्या पानांवर लिहीत राहिल्या. शेवटची एसटी चुकता चुकता राहिली.

निकाल आला तो वाईट आला. तो घेऊन तालुक्याला गेले तर साहेब म्हणाले, दोन अहवाल दोन तऱ्हेचे आहेत, कुठला खरा धरायचा, समिती नेमू. मी विचारलं, पहिला अहवाल आला तेव्हा समिती का नव्हती नेमली? ते म्हणाले, तुम्ही तांत्रिक बाबीत पडू नका. मी बीएस्सी आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, हो का. आप्पांनी मात्र त्यानंतर एक काम केलं. तालुक्याच्या कचेरीत रोज सकाळी जाऊन बसायचे, हातात दुसरा अहवाल, तोंडात तंबाखू, चकार शब्द नाही. टँकर जूनच्या तोंडावर पुन्हा चालू झाला.

भाभींच्या मुलीला मुलगी झाली. चांगली आहे, आता अंगणभर पळते. पण ती पोटात असताना जे काही आत गेलं असेल त्यानं पुढं काय होईल, हे भाभी मला अजून विचारतात. मला उत्तर येत नाही. मॅडमना विचारलं, त्यांनाही येत नाही. ते शोधायला वर्षानुवर्षं त्याच मुलांना तपासत राहावं लागतं, आणि तेवढ्या लांबचं कुणी ठरवत नाही. नर्सबाईंनी नेलेल्या रक्ताचे कागद ज्यांचं रक्त होतं त्यांना आलेच नाहीत. विचारलं तर म्हणे, माहिती गोपनीय आहे. आत्याबाईंचं रक्त आत्याबाईंपासून गोपनीय. अभ्यास पूर्ण झाला, तो कुठंतरी छापला असेल, त्यात आम्ही आकडे म्हणून असू. छापा, पण ज्या बाईच्या दंडाला सुई टोचली तिच्या हातात एक कागद द्यायला काय झालं होतं? तिला वाचता येत नाही म्हणून? वाचून दाखवायला मी होते की.

समितीचं काम मात्र यंदा पूर्ण झालं. गेल्या आठवड्यात, ऐन काढणीत, दोन माणसं जीपमधून आली आणि आमच्या विहिरीच्या कठड्याला एक पत्र्याचा फलक ठोकून गेली. चांगला मोठा, पिवळा, काळी अक्षरं. आत्याबाई पातीचं ओझं घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. ओझं खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, काय लिवलंय, वाच.

मी वाचलं. या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य आहे.

त्यांनी ऐकलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग फलकाच्या अगदी जवळ गेल्या. त्यांना अक्षरं येत नाहीत, पण ओळी मोजता येतात. वरच्या अंगाला काळी अक्षरं होती आणि खाली निम्म्याहून जास्त पत्रा पिवळाच. त्या रिकाम्या पत्र्यावर त्यांनी आपला तडकलेला तळवा टेकवला.

"आन् कुनी नासवलं, ते?" त्यांनी विचारलं. "ते हितं लिवायचं ऱ्हायलंय का?"